अयोध्याबाईंच्या करंज्या

मी बंब आहे, मित्रांनो. तांब्याचा, पोटात विस्तव आणि भोवती पाणी घेऊन उभा राहणारा जुना बंब. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल. तुमच्याकडे बटण दाबलं की गरम पाणी येतं. माझ्या काळी त्यासाठी आधी जाळ करावा लागे, धूर डोळ्यांत घ्यावा लागे आणि पाणी तापेपर्यंत कुणीतरी शेजारी बसून राहावं लागे. त्या बसण्यामुळेच मला माणसं कळली. विस्तवापाशी बसलेलं माणूस बोलतं.

तुळजापूरच्या एका तांबटानं मला घडवलं. त्याच्या हातोडीचे ठसे अजून माझ्या अंगावर आहेत. नळदुर्गच्या एका कापड दुकानदारानं मुलाच्या लग्नासाठी मला विकत घेतलं. तो मुलगा म्हणजे महालिंगप्पा. त्यांची बायको गिरिजाबाई अक्कलकोटकडची, मराठीपेक्षा कानडीच जास्त बोलणारी. चिंच आणि राख घेऊन ती मला घासायला बसली की माझं अंग नव्यासारखं झळकायचं. येणारे-जाणारे पाहुणे म्हणायचे, "बंब म्हणावा तर हा!" मी फुगून जात असे. त्या घरात दोन मुलींची न्हाणी झाली, त्यांच्या लग्नाच्या हळदी निघाल्या, बाळंतपणं झाली. सगळ्यांना पाणी मी दिलं.

पुढं गिझर आला. मग गिरिजाबाई गेल्या. मुली कर्नाटकात नांदत होत्या. पुतण्यानं दुकान मोठं करायला जुनं घर पाडायचं ठरवलं, तेव्हा महालिंगप्पा आपण होऊन वृद्धाश्रमात राहायला गेले. मी मागच्या अंगणात उताणा पडलो. माझ्या धुराड्यात पालींनी घर केलं, तोटीत माती भरली. आज ना उद्या भंगारवाला येणार, हे मला कळून चुकलं होतं.

पण आला तो बब्रुवान.

बब्रुवान बेंबळीचा. थोडी शेती आणि एक टेम्पो, त्यावर त्याचं घर चालायचं. त्याची आई अयोध्याबाई त्याच वृद्धाश्रमात होती. तिला भेटायला आला की तो सगळ्यांशीच बोलत बसायचा. एकदा महालिंगप्पा त्याला म्हणाले, "माझ्या लग्नातला बंब भंगारात निघालाय रे. जीव तुटतो बघ." बब्रुवान दुसऱ्या फेरीला नळदुर्गात आला. गडी शोधत बसला नाही. मला खांद्यावर उचलून त्यानं टेम्पोत ठेवलं आणि खडखडाट होऊ नये म्हणून खाली स्वतःचं घोंगडं घातलं. त्या खांद्याची ऊब मला आजही आठवते.

अशा रीतीनं मी वृद्धाश्रमात आलो. नळदुर्गच्या अलीकडं हमरस्ता सोडून आत वळलं की माळावर ती बैठी इमारत आहे. दैवशालाताई ती चालवतात. पूर्वी त्या दवाखान्यात नर्स होत्या. छतावर सौरबंब आहे, पण आभाळ आलं की तो काही कामाचा नाही. मग महालिंगप्पा तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, मोडून माझ्या पोटात घालत आणि मी धगधगू लागे. पहाटेच्या गारठ्यात सगळी म्हातारी माणसं माझ्याभोवती बसत. तळवे शेकत. कुणाच्या गुडघ्याचं दुखणं, कुणाच्या नातीचं लग्न, कुणाचा न आलेला फोन, सारं काही माझ्यासमोर बोललं जाई.

अयोध्याबाई त्यात सर्वांत बोलक्या. त्या इथं कशा आल्या, हे त्यांनीच एकदा सांगितलं होतं. सुनेशी, म्हणजे त्यांना आत्या म्हणणाऱ्या करिश्माशी, त्यांचं पहिल्यापासून पटलं नाही. त्यात वय झालं, विसर पडू लागला. एके दिवशी स्टोव्हवर पाणी ठेवून त्या तशाच शेजारी गेल्या. मागं नात खेळत होती. पातेलं लवंडलं आणि पोरीचा डावा दंड भाजला. करिश्मा त्या दिवशी नवऱ्याला म्हणाली, "आता ह्या घरात एक तर आत्या ऱ्हातील, न्हायतर म्या."

"तिचं काय चुकलं?" अयोध्याबाई म्हणाल्या होत्या. "आई हाय ती लेकराची. पर बब्याचं लई हाल झालं बघा. मला हितं सोडून जाताना लहान पोरावानी रडला."

बब्रुवानानं आईला एक शब्द दिला होता. दिवाळीची पहिली अंघोळ तिनं घरीच करायची. आणि त्यानं तो पाळला. दर नरकचतुर्दशीला सकाळी त्याचा टेम्पो फाटकात उभा राही. अयोध्याबाई त्या दिवशी इथं तेलसुद्धा लावून घेत नसत. "म्या घरी न्हानार," म्हणत गाठोडं घेऊन पायरीवर बसत. भाऊबीज झाली की तो त्यांना परत आणून सोडे. तेवढ्या दिवसांत सासू-सून एकमेकींशी जपून बोलत. बाकीच्यांना त्यांचा हेवा वाटे, कारण बऱ्याच जणांना न्यायला कुणी येत नसे.

मित्रांनो, आता जे सांगणार आहे ते सांगताना मला जड जातं.

यंदा पावसानं आमचा मुलूख झोडपून काढला. शेतात उभं सोयाबीन कुजलं, ओढ्यांनी वाट बदलली. त्याच दिवसांत अयोध्याबाईंना छातीत दुखू लागलं. दैवशालाताईंनी त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं. चार दिवसांनी परत आणलं ते डॉक्टरांची ताकीद घेऊनच. हृदय फार अशक्त झालंय, सध्या यांना कसलाही धक्का बसू देऊ नका.

त्यानंतरची ती सकाळ. ताई माझ्या तोटीखाली बादली लावून उभ्या होत्या. त्यांचा फोन वाजला. त्या "हं, बोल करिश्मा," म्हणाल्या आणि ऐकत राहिल्या. बादली भरली, वाहू लागली, पाणी त्यांच्या पायांवरून गेलं, तरी त्यांना भान नव्हतं.

बेंबळीजवळच्या पुलावरून पाणी जात होतं. बब्रुवान टेम्पो अलीकडं उभा करून पलीकडं अडकलेल्या म्हाताऱ्या माणसांना दोरीला धरून आणायला गेला होता. दोघांना त्यानं आणलं. तिसऱ्या वेळी तो गेला आणि आला नाही. दुसऱ्या दिवशी खूप खाली, बाभळीत अडकलेला सापडला.

फोनमधून करिश्माचं रडणं मला ऐकू येत होतं. "ताई, आत्याला आत्ता सांगू नका. त्या जातील वो. म्या येते, म्या सोता सांगते."

ताईंनी महालिंगप्पांना बाजूला, म्हणजे माझ्यापाशीच बोलावलं. ऐकून त्यांनी हातातली तुराटी खाली टाकली. म्हणाले, "आई हाय ती. तिला तोंड बघू द्यायला पायजे, ताई."

"आणि वाटेतच काही झालं तर, अप्पा? डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"मग काय करायचं?"

"मला कळत नाही," ताई म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

बब्रुवानाला त्याच्या चुलतभावानं अग्नी दिला. त्याची आई इथं पडवीत बसून लसूण सोलत होती.

रोज वाटायचं, आज सांगू. पण सांगायला जावं तर अयोध्याबाई नेमक्या हसून काहीतरी बोलत आणि माणूस माघारी फिरे. करिश्माही आली नाही. दहावा झाला, तेरावा झाला. हळूहळू आश्रमात सगळ्यांना कळलं, एक सोडून. अयोध्याबाई विचारत, "बब्याचा फोन न्हाय आला वो?" कुणी म्हणे, "पुरात टॉवर पडलाय." कुणी म्हणे, "रेंज न्हाय बेंबळीला." एक खोटं सांभाळायला दुसरं लागे. सकाळी माझ्याभोवती माणसं बसत, पण आता ती नुसती विस्तवाकडं बघत. अयोध्याबाईच एकट्या बोलत.

दिवाळी जवळ आली. दरवर्षी म्हातारी मंडळी कागदाचा आकाशकंदील करतात, भिंती धुतात, चकल्या तळतात. यंदा कुणी काही केलं नाही. कुणी तसं ठरवलंही नव्हतं. आपल्यातल्या एकीचा मुलगा गेलाय, आणि दुखवट्याच्या घरी तळण तळत नाहीत, एवढंच सर्वांच्या मनात होतं. वसुबारसेला नळदुर्गच्या एका व्यापाऱ्याकडून प्रत्येकासाठी फराळाचा एकेक डबा आला. प्रत्येकानं तो न उघडता उशाशी ठेवला.

अयोध्याबाई घरभर फिरून आल्या आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "औंदा हे असं का?" त्यांनी विचारलं. "कंदील न्हाय, पणती न्हाय. कुनी गेलंय का?"

अंगणात इतके जण होते. पण जो तो हातातल्या कामाकडं वळला.

दैवशालाताईंनी कसंबसं तोंड उघडलं. "पावसानं लोकांचं केवढं नुकसान झालंय, मावशी. म्हणून म्हटलं, यंदा साधीच करू."

"साधी करा की. पर सुतकावानी नगं." अयोध्याबाईंनी पदर खोचला. "रवा हाय का? खोबरं हाय? द्या मला. म्या करते करंज्या. माजा बब्या येनार परवा, त्याला काय मोकळ्या हातानं घरी न्हेऊ?"

ताई नाही म्हणू शकल्या नाहीत. काय कारण देणार?

अंगणात तीन दगडांची चूल मांडली गेली. अयोध्याबाईंनी स्वतः सारण भाजलं, स्वतः पारी लाटली. इतर बायका मदतीला बसल्या होत्या, पण त्यांचे हात चालत नव्हते. एकीला हुंदका आला. ती "धूर लई झालाय," म्हणत उठून गेली. कढईत करंजी पडायची, फुगायची, आणि अयोध्याबाई सांगायच्या, "बब्याला हिची कडा आवडते. लहानपनी नुसती कडाच खायाचा आन् पोट चुलतभावाला द्यायाचा."

मी तिथंच उभा होतो, मित्रांनो. ज्या बाईच्या घरी यंदा चूलसुद्धा पेटू नये, ती बाई हसत तळण तळत होती. मला हात नाहीत, तोंड नाही. माझ्या पोटात विस्तव होता आणि त्या दिवशी तो मला सोसत नव्हता.

तळून झाल्यावर त्यांनी प्रत्येकाच्या हातावर करंजी ठेवली. महालिंगप्पांनी ती तशीच हातात धरली.

"खावा की अप्पा."

"चहात भिजवून खातो, अक्का. दात कुठं हायत?"

"आन् तुमी, ताई?"

"खाते, मावशी. हात धुऊन येते."

एकेक जण करंजी घेऊन आत गेला. त्यानंतर अयोध्याबाई हळदीकुंकवाची वाटी घेऊन माझ्याकडं आल्या. नरकचतुर्दशी जवळ आली की बंब भरून ठेवतात, त्याला हळदीकुंकवाची बोटं ओढतात. त्यांनी माझ्या पोटावर पाच बोटं ओढली. झेंडूची माळ माझ्या गळ्यात घातली. मग माझ्यावर हात ठेवून पुटपुटल्या, "तुला माज्या लेकानं खांद्यावरनं आनलंय. त्याला औक्ष माग देवाकडं."

त्या आत गेल्यावर दैवशालाताई बाहेर आल्या. पडवीच्या खांबाला टेकून त्यांनी फोन लावला. "करिश्मा, आता माझ्यानं होत नाही. त्यांनी आज करंज्या तळल्या. परवा सकाळी त्या पायरीवर बसतील. तू ये. तू आली नाहीस तर मी सांगणार. पण तुझ्याकडून कळलेलं बरं." पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही.

नरकचतुर्दशीला उजाडता उजाडता महालिंगप्पांनी मला पेटवलं. एकेक जण तेल-उटणं लावून अंघोळ करून गेला. कुणी फटाका वाजवला नाही, कुणी मोठ्यानं बोललं नाही. अयोध्याबाई धुतलेलं लुगडं नेसून, गाठोडं मांडीवर घेऊन पायरीवर बसल्या होत्या. केस कोरडे. नजर फाटकावर.

टेम्पोचा आवाज आला नाही. हमरस्त्यावर एसटी थांबल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं फाटकातून करिश्मा आत आली. तिचा हात धरून नात. दोघी चालत आल्या होत्या, पाय चिखलानं भरले होते.

"आगं, तू? बब्या कुठाय?" अयोध्याबाई उठल्या. "गाडी रस्त्यालाच लावली का?"

करिश्मा जवळ आली. डोक्यावरचा पदर थोडा मागं सरला आणि अयोध्याबाईंना तिचं कपाळ दिसलं.

मांडीवरचं गाठोडं केव्हाच खाली पडलं होतं. त्या एक पायरी उतरल्या. सुनेच्या कपाळाला त्यांनी बोट लावलं, जसं काही पुसलेलं कुंकू बोटाला लागेल. मग हळू आवाजात विचारलं, "कधी?"

"म्हैना हुईल, आत्या." करिश्मा त्यांच्या पायाशी कोसळली. "पुलावरनं... मानसं काढायला गेले व्हते... रोज निघायची वो म्या. रोज चप्पल घालायची. पाय उचलत न्हवता. तुमाला घराभाईर म्याच काडलं. आता कुठल्या तोंडानं सांगू, की तुमचा लेक..."

अयोध्याबाई रडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "अग्नी कुनी दिला?"

"चुलतभावानं."

"माजी वाट का न्हाय बघितली?"

"डाक्टर म्हनले, तुमच्या जिवाला..."

"माजा जीव!" त्यांचा आवाज एवढा चढला की माळावरचे पक्षी उडाले. "मेले असते तर मेले असते! लेकाच्या संगं गेले असते. तुमचं काय गेलं असतं? त्याचं तोंड... माज्या बब्याचं तोंड मला एकदा..." वळून त्यांनी सगळ्यांकडं पाहिलं. पडवीत उभ्या असलेल्या एकेकाच्या चेहऱ्यावरून त्यांची नजर फिरली. "तुमा समद्यांला ठावं व्हतं?"

दैवशालाताईंनी हात जोडले.

"ठावं व्हतं. आन् माज्या हातच्या करंज्या खाल्ल्या तुमी? माज्या लेकाच्या सुतकात मला तळाय बसवलं, आन् खाल्ल्या?"

महालिंगप्पा आत गेले. हातात स्टीलचा डबा घेऊन परत आले. त्यांनी तो अयोध्याबाईंसमोर ठेवून झाकण काढलं. सगळ्या करंज्या तशाच होत्या. एकीचीही कडा मोडलेली नव्हती.

"कुणाच्या घशाखाली उतरली न्हाय, अक्का," ते म्हणाले. "सांगायचं धाडस झालं न्हाय. पण खायचंही झालं न्हाय बघा."

त्या डब्याकडं बघता बघताच अयोध्याबाईंच्या तोंडून तो आवाज निघाला. माणसाचा असा आवाज मी माझ्या साऱ्या आयुष्यात ऐकला नव्हता. गिरिजाबाईंच्या बाळंतपणातही नाही. त्या जमिनीवर बसल्या आणि माती मुठींनी ओरबाडू लागल्या. दैवशालाताई धावल्या, त्यांची नाडी धरून बसल्या. सगळ्यांना वाटलं, आता संपलं.

संपलं नाही. मरणाची बातमी कानावर आली की डोक्यावरून पाणी घ्यावं लागतं. करिश्मानं सासूला काखेत हात घालून उठवलं आणि माझ्यासमोरच्या दगडावर बसवलं. तोटी सोडली. पहिला तांब्या तिनं उचलला तेव्हा अयोध्याबाईंनी तो हातानं उडवून लावला. तांब्या खणखणत लांब गेला. करिश्मानं तो उचलून आणला, पुन्हा भरला. या खेपेला त्यांनी तो उडवला नाही. लुगड्यानिशी, कोरड्या केसांनिशी त्यांनी ते पाणी डोक्यावर घेतलं. एकीनं ओतायचं आणि दुसरीनं घ्यायचं, असं किती वेळ चाललं कोण जाणे. माझ्यातलं पाणी तळाला गेलं. महालिंगप्पा मुकाट्यानं बादल्या आणून ओतत राहिले. दोघींच्या चेहऱ्यावरून काय वाहत होतं, हे कुणी सांगू शकलं नसतं.

नात माझ्या आडोशाला उभी होती. सकाळच्या गारठ्यात कुडकुडत ती माझ्या अंगाला चिकटली होती. अयोध्याबाईंची नजर तिच्यावर गेली. पोरीचे केस राठ झाले होते, गुंता तसाच होता.

"हिला न्हाऊ घातलं न्हाय?" त्यांनी विचारलं. आवाज पार बसला होता.

"कुनाचं सन, आत्या? आमच्या घरी कसली दिवाळी?"

"घराला नसंल. लेकराला कसलं सुतक?" मग सुनेकडं न पाहता म्हणाल्या, "तूच घाल. म्या न्हाय हात लावत. जाळाजवळ माज्या हातात नगं दिऊ लेकरू."

करिश्मानं पोरीला पुढं केलं. "तुमीच घाला," ती म्हणाली.

दैवशालाताईंनी तेलाची वाटी आणून ठेवली. अयोध्याबाईंनी नातीचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांची बोटं नीट चालत नव्हती. तेल कपाळावर ओघळत होतं. दंडावरच्या भाजल्याच्या डागापाशी आल्यावर हात अडला. पोरगीच म्हणाली, "तितं आता दुखत न्हाय, आजे." मग त्या डागालाही तेल लागलं. पाणी फार गरम नाही ना, हे अयोध्याबाईंनी आधी स्वतःच्या मनगटावर ओतून पाहिलं, पुन्हा ओतून पाहिलं, करिश्मालाही हात घालून बघायला लावलं, आणि मगच पोरीच्या अंगावर घेतलं.

ऊन वर आल्यावर त्या करिश्माला म्हणाल्या, "मला ती जागा दाव. पूल दाव. बाभळ दाव. मग काय व्हायचं ते हुं दे."

"आन् तितनं घरी चला, आत्या. मला त्या घरात ऱ्हाववत न्हाय."

त्यांनी खाली पडलेलं गाठोडं उचलून घेतलं. दैवशालाताईंनी औषधं बांधून दिली, कोणती केव्हा द्यायची ते करिश्माकडून दोनदा म्हणवून घेतलं.

तेवढ्यात आतून माणसं येऊ लागली. काठी टेकत, भिंत धरत. प्रत्येकाच्या हातात उशाशी ठेवलेला तो फराळाचा डबा होता. दुखवट्याच्या घरी पहिल्या दिवाळीला फराळ करत नाहीत, तो शेजाऱ्यापाजाऱ्यांनी न्यायचा असतो. बेंबळीला जाऊन देण्याइतकं बळ त्यांच्यातल्या कुणाच्याही पायांत नव्हतं, म्हणून त्यांनी तो इथंच दिला. करिश्माची पिशवी भरली, मग अयोध्याबाईंचं गाठोडं भरलं. डबा ठेवायचा, हात जोडायचे आणि बाजूला व्हायचं. यांतल्या बऱ्याच जणांना वर्षभरात दुसरं गोडधोड मिळणार नव्हतं. सर्वांत शेवटी महालिंगप्पा आले. त्यांनी आपला डबा गाठोड्यात ठेवला आणि ते तिथंच उभे राहिले. अयोध्याबाई त्यांना म्हणाल्या, "अप्पा, तुमच्यावरचा राग माजा गेला न्हाय."

"जाऊ नये, अक्का," ते म्हणाले. "राहू दे."

तिघी फाटकाबाहेर पडल्या. मधे नात, दोन्हीकडं दोघी.

त्यानंतर बरेच दिवस आश्रमात कुणी मोकळं बोललं नाही. बेंबळीचा फोन लागला की ताई स्पीकर लावत आणि सगळे गोळा होत. अयोध्याबाई जेवत नाहीत. अयोध्याबाई पुलावर जाऊन बसतात, उठवलं तरी उठत नाहीत. अयोध्याबाई रात्र रात्र डोळे उघडे ठेवून पडतात. प्रत्येक फोननंतर महालिंगप्पा माझ्याशेजारी येऊन बसत आणि विझलेली राख काठीनं उकरत राहत.

मग एका दुपारी करिश्माचा फोन आला. ती रडत होती की हसत होती, कळत नव्हतं. "ताई, आत्या आज माज्याशी भांडल्या वो! भाजीत मीठ न्हाय म्हून. ताट सरकवलं, मला चार शब्द बोलल्या, आन् मग सोता मीठ घालून दोन घास खाल्ले."

महालिंगप्पांनी डोळे मिटले. "भांडती म्हणजे जगंल," ते म्हणाले.

जगतील का, मला ठाऊक नाही. त्यांचं हृदय अजून तसंच अशक्त आहे आणि त्या घरातली रिकामी जागा कुठल्या फराळानं भरणार नाही. पण एवढं मी पाहिलं, की ज्या धक्क्याच्या भीतीनं सगळ्यांनी तोंडं शिवून घेतली होती, तो धक्का त्या बाईनं सोसला. तिला सोसवलं नाही ते एकच. आपल्या लेकाला निरोप द्यायला आपल्याला कुणी बोलावलं नाही, हे.

मित्रांनो, माझी तुम्हाला एवढीच विनवणी आहे. तुमच्या घरात म्हातारी माणसं असतील, किंवा घरापासून दूर कुठं ठेवलेली असतील. त्यांना औषध द्या, ऊब द्या, सणाला नवं लुगडं द्या. पण त्यांच्यापासून घरातली बातमी लपवू नका. त्यांच्या जिवाला जपतो असं म्हणून त्यांना दाराबाहेर ठेवू नका. सांगताना त्यांच्याजवळ बसा, त्यांचा हात हातात घ्या, लागलं तर डॉक्टरांनाही सोबत घ्या, पण सांगा. तुमच्या लग्नांतून, सहलींतून, गप्पांतून ती आधीच वगळली गेली आहेत. निदान रडायला तरी त्यांना बरोबर घ्या.